वृद्धाश्रमाच्या शुल्काची तरतूद: हिशेब आधी, सही त्याहून आधी

आई किंवा वडिलांना वृद्धाश्रमात ठेवण्याचा निर्णय पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत शांतपणे बसून घेतला जातो, असे क्वचितच घडते. खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते, रुग्णालय घरी सोडण्याची तारीख सांगते आणि मग चार दिवसांत जागा शोधण्याची धावाधाव सुरू होते. मुलगा बंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीत, घरी बहात्तर वर्षांचे वडील आणि अंथरुणावरची आई. अशा वेळी पहिला प्रश्न ‘जागा आहे का’ हा असतो. ‘हे पैसे किती वर्षे आणि कोठून द्यायचे’ हा प्रश्न दुसऱ्या किंवा तिसऱ्या महिन्यात उभा राहतो. तोपर्यंत अनामत रक्कम भरलेली असते आणि करारावर सह्या झालेल्या असतात.

‘लोक काय म्हणतील’ ही भीती गेल्या दोन दशकांत बरीच ओसरली. पैशाविषयीचा संकोच मात्र तसाच राहिला आहे. आई-वडिलांच्या ठेवी किती, निवृत्तिवेतन किती, घर कोणाच्या नावावर, हे विचारणे अनेक मुलांना आजही अशोभनीय वाटते आणि आई-वडिलांनाही ते सांगणे नको असते. या मौनाची किंमत पुढे भरावी लागते, आणि ती शुल्कापेक्षा जास्त असू शकते.

शुल्कात काय असते, काय नसते

सर्व वृद्धाश्रम एका पंक्तीत बसवता येत नाहीत. निराधारांसाठीच्या शासकीय व अनुदानित संस्था आहेत. राज्य सरकारने १९९५ मध्ये सुरू केलेली मातोश्री वृद्धाश्रम योजना त्यांतलीच. धर्मादाय विश्वस्त संस्थांचे वृद्धाश्रम आहेत. त्यांचे शुल्क तुलनेने माफक असते, पण प्रतीक्षायादी लांब असते आणि ‘स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश’ ही अट बहुतेक ठिकाणी असते. तिसरा प्रकार खासगी शुश्रूषा केंद्रांचा. अंथरुणाला खिळलेले, पक्षाघात झालेले, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण मुख्यतः येथे येतात. चौथा प्रकार ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांचा, जेथे सदनिका विकत किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने घ्यावी लागते. महारेराने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी मार्गदर्शक तरतुदी जाहीर केल्या. त्या इमारतीतील सोयी आणि विक्रीकरार यांच्याविषयी आहेत. शुश्रूषा केंद्राच्या मासिक शुल्काला त्यांचा आधार मिळत नाही.

माहितीपत्रकावर छापलेला आकडा बहुधा निवास, दोन वेळचे जेवण, नाश्ता आणि सामाईक देखरेख यांचा असतो. डायपर, औषधे, फिजिओथेरपी, डॉक्टरांची विशेष भेट, रुग्णालयात नेण्याची गाडी आणि चोवीस तासांची स्वतंत्र आया यांची आकारणी वेगळी होते. हा ‘वरखर्च’ प्रकृती ढासळते तसा वाढतो. म्हणून केंद्र पाहायला गेल्यावर आजचे शुल्क विचारून थांबू नये. गेल्या तीन वर्षांत शुल्क किती वाढले, चालता-फिरता येणारी व्यक्ती अंथरुणाला खिळली तर दर किती होतो, आणि त्या अवस्थेत संस्था ठेवून घेते की घरी न्यायला सांगते, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळाले तर उत्तमच.

वस्तू व सेवा कराचा मुद्दाही अनेकांच्या ध्यानात येत नाही. सरकारी वृद्धाश्रम आणि आयकर कायद्याखाली नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्था यांनी साठ वर्षांवरील रहिवाशांकडून निवास, भोजन व देखभाल धरून दरमहा २५ हजार रुपयांपर्यंत शुल्क घेतले, तर त्यावर हा कर लागत नाही. खासगी कंपनीच्या केंद्राला ही विशिष्ट सवलत नाही. दोन ठिकाणांची तुलना करताना आकडा करासह आहे की कराविना, हे आधी पाहावे.

करारातील अनामतीचे कलम शांतपणे वाचण्याजोगे असते. प्रवेश शुल्क परत मिळत नाही, अनामत मिळते, हा सर्वसाधारण रिवाज. पण रहिवाशाचे निधन झाल्यास ती किती दिवसांत आणि कोणाच्या नावाने परत करायची, पंधरा दिवस रुग्णालयात असताना शुल्क पूर्ण भरायचे की निम्मे, महिन्याच्या मध्येच सोडल्यास काय, या बाबतींत करार अनेकदा मोघम असतो.

पहिल्या वर्षाचा फसवा हिशेब

एक उदाहरण घेऊ. वडील हयात नाहीत, आईचे वय ७६. केंद्राचे शुल्क ३५ हजार आणि वरखर्च ७ हजार, म्हणजे दरमहा ४२ हजार रुपये. आईला कुटुंब निवृत्तिवेतन १४ हजार. वीस लाखांची ठेव ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवलेली, तिचे व्याज महिन्याला सुमारे १३,६६७ रुपये. एका बेडरूमचा जुना फ्लॅट १६ हजारांनी भाड्याने दिलेला. वर्षात एक महिना तो रिकामा राहील असे धरून आणि सोसायटीचा देखभाल खर्च व मालमत्ता कर मिळून महिना साडेतीन हजार वजा करून हाती येतात सुमारे ११,१६७ रुपये. एकूण उत्पन्न ३८,८३४. तूट ३,१६६ रुपयांची. दोन भावंडांनी ती वाटून घेतली की प्रत्येकी सोळाशेही येत नाहीत. ‘जमेल’ असे वाटते आणि विषय तेथेच संपतो.

आता शुल्क व वरखर्च दरसाल आठ टक्के वाढतात असे धरू. निवृत्तिवेतन आणि भाडे चार टक्के वाढेल, व्याज आहे तेवढेच राहील. पाच वर्षे झाल्यावर खर्च ६१,७१२ आणि उत्पन्न ४४,२८६; तूट १७,४२६. दहा वर्षांनी खर्च ९०,६७५ आणि उत्पन्न ५०,९२०. तूट जवळजवळ ४० हजार. तेव्हा आई ८६ वर्षांची असेल, आणि हे सारे ती तोवर हिंडती-फिरती राहिली तर. मध्येच चोवीस तासांची आया लागली आणि १५ हजार वाढले, तर पाचव्या वर्षानंतरची तूट ३२ हजारांवर जाते.

हे दर गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या केंद्राचे दर घालून पाहावे. परंतु आकृती फारशी बदलत नाही. व्याज स्थिर असते, शुल्क नसते. वरील उदाहरणात दहा वर्षांतील एकूण तूट २० लाखांच्या थोडी वर जाते, म्हणजे साधारण आईच्या ठेवीच्या मुद्दलाइतकी. मुद्दल मोडावे तर व्याज घटते, न मोडावे तर मुलांच्या पगारातून द्यावे लागते.

येथे एक स्पष्ट बोलणे भाग आहे. आई-वडिलांची ठेव ही त्यांच्या देखभालीसाठीच आहे. ‘मुद्दलाला हात लावायचा नाही’ हा मराठी घरातला जुना नियम संसार चालवताना शहाणपणाचा होता. ऐंशीव्या वर्षी तो पाळण्याचा अर्थ असा की आईने स्वस्तातल्या खोलीत राहावे आणि ठेव वारसांसाठी शिल्लक ठेवावी. असे कोणी उघडपणे म्हणत नाही. हिशेब मात्र तसा निघतो.

पैसा कोठून येतो

निवृत्तिवेतनाबाबतची सर्वांत मोठी चूक म्हणजे दोघांचा हिशेब वडिलांच्या निवृत्तिवेतनावर मांडणे. केंद्र सरकारच्या जुन्या पद्धतीत पूर्ण निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के आणि कुटुंब निवृत्तिवेतन साधारणतः ३० टक्के असते. म्हणजे वडिलांच्या पश्चात आईच्या हाती पूर्वीच्या शंभर रुपयांतले साठ येतात. त्याच वेळी दोघांच्या सामाईक खोलीऐवजी एकटीच्या खोलीचा दर लागू झाला, तर शुल्क मात्र निम्मे होत नाही. केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना ८० वर्षांनंतर २० टक्के, ८५ नंतर ३० टक्के अशी अतिरिक्त वाढ मिळते, ती कागदपत्रांतील जन्मतारीख बरोबर असेल तरच वेळेवर सुरू होते. खासगी नोकरीतल्यांचे कर्मचारी निवृत्तिवेतन तुटपुंजे असते. २०१४ मध्ये त्याची किमान मर्यादा महिना एक हजार रुपये ठरली. त्यात आठवड्याची औषधेही येत नाहीत.

ठेवींमध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजना हा पहिला पर्याय. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा प्रत्येकी १५ लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली आणि व्याजदर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दरांचा आढावा घेते, पण पैसे ठेवण्याच्या दिवशीचा दर पाच वर्षे कायम राहतो. पती-पत्नी दोघांनी कमाल रक्कम ठेवल्यास ८.२ टक्क्यांनी महिन्याला सरासरी ४१ हजार रुपये सुटतात. व्याज मात्र तिमाहीला जमा होते आणि वृद्धाश्रमाचे बिल दर महिन्याला येते. टपाल खात्याची मासिक प्राप्ती योजना ही फट भरून काढते. तिची मर्यादा एकट्यासाठी ९ लाख आणि संयुक्त खात्यासाठी १५ लाख. प्रधानमंत्री वय वंदना योजनेविषयी अजूनही विचारणा होते. ती ३१ मार्च २०२३ रोजी नव्या गुंतवणुकीसाठी बंद झाली.

सगळी रक्कम एकाच योजनेत अडकवणे मात्र शहाणपणाचे नाही. बचत योजनेतून मुदतीपूर्वी पैसे काढल्यास दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापला जातो. किमान सहा महिन्यांचे शुल्क साध्या, केव्हाही मोडता येणाऱ्या ठेवीत असावे.

मुलांचा वाटा कसा द्यायचा, यालाही एक करविषयक बाजू आहे. वृद्धाश्रमाच्या शुल्कासाठी म्हणून मुलाला आयकरात कोणतीही वेगळी वजावट नाही. मात्र मुलाने किंवा मुलीने आई-वडिलांना दिलेली भेट करमुक्त असते आणि त्या रकमेवरील पुढचे व्याज आई-वडिलांचेच उत्पन्न मानले जाते. पत्नीच्या नावावर ठेवलेल्या पैशाचे व्याज पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते, तसे येथे होत नाही. तिसाव्या टक्क्याच्या करपट्टीतील मुलाने दरमहा शुल्क भरण्याऐवजी एक मोठी रक्कम आईच्या नावाने बचत योजनेत ठेवली, तर तेच व्याज बहुधा कराविना हाती येते. परदेशी असलेल्या अपत्यालाही हा मार्ग मोकळा आहे.

भावंडांतील वाटणी तोंडी ठेवू नये. ‘मोठा देतोच आहे’ या वाक्याने सुरू झालेली व्यवस्था तिसऱ्या वर्षी भांडणात संपल्याची उदाहरणे प्रत्येक सोसायटीत सापडतील. आईच्या नावाने एकच स्वतंत्र खाते काढावे, प्रत्येक अपत्याच्या खात्यातून ठरलेल्या तारखेला रक्कम तेथे वळती व्हावी आणि शुल्क त्याच खात्यातून जावे. जो जवळ राहतो, भेटीला जातो, रुग्णालयात रात्र काढतो, त्याच्या वेळेलाही काही मोल धरावे लागते. ते सूत्रात बसत नाही, तरी बोलून घ्यावे.

घर: भाड्याने, विकून की तारण

शहरी मध्यमवर्गाची खरी संपत्ती घरात अडकलेली असते. त्यामुळे ‘रिव्हर्स मॉर्गेज करा’ हा सल्ला सहज दिला जातो. २००७ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेल्या या योजनेत साठ वर्षांवरील घरमालकाला घर तारण ठेवून बँकेकडून ठरावीक हप्ते मिळतात आणि कर्ज त्याच्या हयातीत फेडावे लागत नाही. मात्र राष्ट्रीय आवास बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते घर कर्जदाराचे राहते घर असावे लागते. कर्जदार कायमचा घराबाहेर, मग तो नातेवाइकांकडे असो वा वृद्धाश्रमात, राहायला गेला, तर कर्ज वसुलीस पात्र ठरते. सर्वसाधारणपणे सलग एक वर्ष घरात न राहणे म्हणजे कायमचे जाणे. घरीच परिचारिका ठेवून राहणाऱ्यांना ही योजना उपयोगी पडू शकते. वृद्धाश्रमाचे शुल्क भागवण्यासाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे. पती-पत्नींपैकी एक घरी राहत असेल तेवढाच अपवाद.

राहिले भाडे आणि विक्री. भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे. सोसायटीला बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. भाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. भाड्याचा आणखी एक लाभ आहे, तो रुपयांत मोजता येत नाही: घर विकलेले नाही, परत जाता येईल, ही भावना आईला पहिले वर्ष काढायला मदत करते.

विक्रीचा निर्णय घेताना घर कोणाच्या नावावर आहे हे पाहावे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आई, मुलगे आणि मुली हे समान वारस ठरतात. सोसायटीच्या भागपत्रावर आईचे नाव नामनिर्देशित म्हणून चढले, एवढ्याने ती एकटी मालक होत नाही. विक्रीसाठी सर्व वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. एक वारस परदेशी आणि दुसरा नाराज असेल तर आईच्या शुल्काचा पैसा तिच्याच घरात अडकून बसतो.

याच्या अगदी उलट चूक म्हणजे हयातीतच घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देणे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट न पाळल्यास परत मिळवता येते. ही अट दस्तात असावी की नसावी यावर बरेच वाद झाले. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट सिद्ध होणे आवश्यक मानले, तर जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हटले. न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा घर नावावर ठेवून मृत्युपत्र करणे केव्हाही बरे. याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो, पण मिळणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा दरमहा १० हजार आहे. विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येते; कल्याणच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच ते स्पष्ट केले होते.

विम्यावर फार भिस्त ठेवू नये. नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयाचे बिल देते, शुश्रूषा केंद्राचे नाही. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेली आयुष्मान भारतची कुटुंबाला वार्षिक पाच लाखांची मर्यादाही रुग्णालयातील उपचारांपुरतीच. तरीही हे कार्ड काढून केंद्राच्या कार्यालयात त्याची प्रत देऊन ठेवावी. खुब्याची एक शस्त्रक्रिया वर्षाचे शुल्क खाऊन टाकते.

सही करता येते तोवर

वरील सर्व मार्गांना एकच अट लागू आहे: आई-वडिलांना समजून-उमजून सही करता आली पाहिजे. ठेव मोडणे, भाडेकरार, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र, नामनिर्देशन यांतील काहीही त्यांच्या सहीवाचून होत नाही.

‘मुखत्यारपत्र करून ठेवले आहे’ असे सांगणाऱ्या मुलांना त्यातील त्रुटी सहसा ठाऊक नसते. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी विकल झाली की मुखत्यारपत्र संपुष्टात येते. स्मृतिभ्रंश बळावल्यावर, म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज भासते त्याच दिवशी, ते कामाचे राहत नाही. पुढेही टिकून राहणाऱ्या मुखत्यारपत्राची इतर काही देशांत असलेली सोय आपल्याकडे कायद्याने केलेली नाही. हात थरथरतो, सही जुळत नाही, अशांसाठी बँकांत अंगठ्याची व साक्षीदारांची व्यवस्था आहे. पण ज्यांना समजच उरलेली नाही त्यांच्यासाठी ती नाही. अशा वेळी मुलांना उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक मागावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली अशा नेमणुका केल्या आहेत. त्यासाठी वैद्यकीय अहवाल, इतर नातेवाइकांची संमती, वकील आणि काही महिने लागतात. शुल्काचे बिल तेवढे थांबत नाही.

म्हणून बँकेतील बचत खाते व मुदत ठेवी ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने एका अपत्यासह संयुक्त कराव्यात आणि मुदतीपूर्वी ठेव मोडण्याची संमती आताच अर्जावर देऊन ठेवावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत संयुक्त खाते केवळ पती-पत्नीचेच होते, तेव्हा त्याचे व्याज या संयुक्त बचत खात्यात जमा होईल असे पाहावे. मुलगा संयुक्त खातेदार झाला म्हणून पैसा त्याचा झाला असे नव्हे; वाटणी मृत्युपत्राने होते, हे इतर भावंडांच्या उपस्थितीत एकदा सांगून टाकलेले चांगले. नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला २०१४ पासून डिजिटल पद्धतीने देता येतो आणि ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो ऑक्टोबरपासून सादर करता येतो. केंद्रात तशी सोय आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे. दाखला चुकला की निवृत्तिवेतन थांबते आणि वरच्या हिशेबातले चौदा हजार त्या महिन्यापुरते नाहीसे होतात.

काही केंद्रे पंधरा दिवस किंवा महिनाभराचा अल्पमुदतीचा निवास देतात. आई हिंडती-फिरती असताना, मुलगा गावाला जातो आहे या निमित्ताने, असा एक महिना काढला की तिला जागा कळते, मुलांना वरखर्चाचा खरा आकडा कळतो, आणि त्याच महिन्यात बँकेची व वकिलाची कामे तिच्या स्वतःच्या सहीने उरकता येतात.